पाच पानांचे बावीस हजार

अर्ज लिहिणे हा धंदा आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. परंतु तो केवळ टाइपरायटर बडवण्याचा धंदा आहे असे जो म्हणतो, त्याला मी माझ्यासमोरच्या स्टुलावरून उठवतो.

वसईच्या कचेरीबाहेर बदामाच्या झाडाखाली मी गेली तेवीस वर्षे बसतो. माझे शालेय शिक्षण आठवीच्या सहामाही परीक्षेपर्यंत झाले. ही गोष्ट मी लपवत नाही. उलट, एखादा पदवीधर गृहस्थ समोर बसून “भाऊ, शेवटचा परिच्छेद तुम्हीच घाला” म्हणतो, तेव्हा मी ती त्यास आवर्जून सांगतो.

या कामाचे तीन नियम मला माझ्या गुरूंनी घालून दिले. पहिला, अर्जात मागणी एकच असावी. माणूस येतो तेव्हा त्याच्या पोटात दहा तक्रारी असतात. भाऊ जमिनीत वाटा देत नाही, शेजारी पन्हळ आमच्या अंगणात सोडतो, शिधापत्रिकेवर मयत सासूचे नाव तसेच आहे. मी सर्व ऐकून घेतो आणि कागदावर फक्त सासू उतरवतो. साहेबांच्या हातात एकच वस्तू दिली तर त्यांना तिचे काहीतरी करावे लागते. दहा दिल्या तर ते सगळ्या टेबलावर ठेवून चहाला जातात.

दुसरा नियम असा की, अर्जात दूरध्वनी क्रमांक कदापि लिहू नये. क्रमांक दिसला की कारकून फोन उचलून “पुढच्या आठवड्यात बघू” एवढे सांगतो आणि प्रकरण तिथेच विरते. त्याचा कागद होत नाही. संपूर्ण पत्ता दिला आणि फोन दिला नाही, तर उत्तर लेखी द्यावे लागते, त्यास जावक क्रमांक पडतो, आणि तो क्रमांक धरून माणूस पुढे भांडू शकतो. या एका नियमावर मी किती जणांच्या वारसनोंदी करून घेतल्या, त्याची गणती नाही.

तिसरा नियम दराचा. तीस घ्यायचे असतील तर पन्नास सांगावे. ही लबाडी नव्हे, हा शिष्टाचार आहे. गिऱ्हाईक घासाघीस करते, आपण खाली उतरतो, दोघांनाही आपण जिंकल्याचे समाधान मिळते. पाचूबंदरच्या हिराबाय या माझ्या जुन्या गिऱ्हाईक. मासळी विकून येताना रिकामी पाटी माझ्या टेबलाखाली सरकवतात आणि बसतात.

“पन्नास? दोन वळी तं लिवल्यास!”

“हिराबाय, अठरा ओळी आहेत.”

“मना वाचता येत नाय म्हनून कायपन सांगशील? ईस घे.”

“चाळीस.”

“पंचवीस, नि मूठभर सुके बोंबील.”

अखेरीस तीसवर तुटते आणि बोंबीलही मिळतात. असे आमचे चालत आले आहे.

हे एवढे सांगून ठेवण्याचे कारण, या तीनपैकी एका नियमाने एका भल्या माणसाचा बँड जवळजवळ विकायला लावला होता, आणि दुसऱ्या एकाने मला लाजवले होते. ते कसे, हे आता सांगतो.

संतानमास्तर हे नालासोपारा पश्चिमेकडील गास गावचे. सकाळी केळीची वाडी, संध्याकाळी बँड. त्यांच्या वडिलांनी उभा केलेला अकरा माणसांचा बँड ते चालवत. एके काळी आपल्या भागात ख्रिस्ती लग्न म्हणजे नवरी घरातून निघताना त्यांचा ट्रंपेट वाजलाच पाहिजे, अशी स्थिती होती. पुढे डीजे आले. दोन माणसे, चार पेट्या, आणि आवाज पार पुढच्या गावापर्यंत. मास्तरांची लग्ने कमी होत होत एका हंगामात दोनवर आली.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. पावसाळा संपता संपता मास्तर माझ्याकडे आले. अर्ज लिहायचा असेल असे समजून मी कागद चढवला.

“अर्ज नाय, भाऊ. भिवंडीकडचा एक मानूस आलाय. मोठा ढोल, बास, सगळी वाद्यं एकदम घेतो म्हनतो. ईस्टरपर्यंत सांगा म्हनाला.”

“मग? विकणार?”

“मन होत नाय. पुतन्या कुवेतला आहे. तो म्हनतो, अंकल, आता पोरांची लग्नं तिकडूनच ठरतात. कुवेत, दुबई, कॅनडा. पोरं कॉम्प्युटरवर बघतात आनि डीजे बुक करतात. तुमची वेबसाइट पायजे. मला त्यातलं काय कळत नाय. तुम्ही कागदातले मानूस. तुम्ही बोला त्यांच्याशी.”

प्रश्न अकरा माणसांच्या उपजीविकेचा नव्हता, ती सर्वांची वाडीवर किंवा नोकरीवर चालत होती. पण त्यांची शनिवार-रविवारची ऐट त्या बँडवर होती. गडद निळ्या कोटावर सोनेरी नाडी लावून चालणारा माणूस आणि तोच माणूस केळीला पाणी घालताना, यांत फार अंतर असते. ते अंतर ईस्टरनंतर राहणार की नाही, हा प्रश्न होता. मी वकीलपत्र घेतल्याप्रमाणे होकार दिला.

त्या वेळी वेबसाइट बनवणारी मंडळी आपल्याकडे गल्लोगल्ली उगवली होती. कार्यालय कोणाचेच नव्हते. घरी एक संगणक, आणि व्हिजिटिंग कार्डावर मात्र तीन पदव्या. विरारच्या एकाने पस्तीस हजार सांगितले. वसई रोडच्या दुसऱ्याने आठ सांगितले. मी आनंदित झालो, तोच त्याने नावाचे वेगळे, जागेचे वेगळे, फोटोचे वेगळे आणि “मेंटेनन्सचे वार्षिक” असे करत एकोणतीसवर नेले. मी विचारले, “हा दर कोणत्या शासन निर्णयानुसार?” तो हसला. मला हसण्याजोगे काही दिसले नाही. मुद्रांकाचा दर छापील असतो, नकलेचा दर फळ्यावर असतो. या लोकांचा दर समोरच्याच्या शर्टावर अवलंबून असतो, अशी माझी खात्री झाली.

तिसरी अनघा. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी, मूळची रत्नागिरीकडची. अंधेरीच्या कंपनीत नोकरी होती. मुलगी झाल्यावर सोडली आणि घरूनच कामे घेऊ लागली. मुलगी आतल्या खोलीत झोपलेली असल्याने आमची पहिली बैठक कुजबुजत झाली. मास्तरांनी वेलची केळ्यांचा अर्धा घड आणला होता, तो तिने दोन्ही हातांनी घेतला.

“पाच पानं होतील, काका. बावीस हजार.”

“पानाला चार हजार चारशे?” मी कुजबुजतच ओरडलो. “मी पानाला तीस रुपये घेतो, ताई. तेही समासासकट.”

“पानावर नसतं हो ते.” तिने समजावून सांगितले, आणि समजावण्याची तिची हातोटी चांगली होती, हे मी मान्य करतो. इंटरनेटवर आपल्या नावाची नोंद करावी लागते, आणि तो मजकूर जिथे राहणार त्या जागेचे दर वर्षी भाडे द्यावे लागते.

“म्हणजे नाव हा सातबारा आणि जागा हा भाडेपट्टा.”

“अगदी तसंच.”

“त्याचे चार हजार धरले. उरलेले अठरा कसले?”

“विचार करायचे.”

“विचार मीही करतो. त्याचे पैसे मी वेगळे लावत नाही.”

“लावायला हवेत, काका,” ती म्हणाली.

ते मला उद्धट वाटले. मी तिसरा नियम बाहेर काढला. बावीस सांगते म्हणजे अकरा घ्यायचे असणार. हिराबायने मला इतकी वर्षे हेच शिकवले होते. शिवाय अकरा माणसे, हजार-हजार वर्गणी, हिशेबही सुटसुटीत. मी अकरा म्हणालो आणि गप्प बसलो. गप्प बसणे हे घासाघीशीतले अर्धे कौशल्य असते. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिने मास्तरांकडे पाहिले. मास्तर आपल्या टोपीची कड बोटांनी फिरवत होते.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “अकरा.”

जिना उतरताना मी मास्तरांना म्हटले, “बघितलेत? निम्म्यावर आणली.” ते म्हणाले, “भाऊ, तुम्ही होतात म्हनून.” त्या दिवशी मी घरी आंबा-बर्फी नेली.

करारपत्र अर्थातच मी केले; शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, चौदा कलमांचे. कलम नऊ : मजकुरात डिझायनरने काडीचाही फेरबदल करू नये. कलम चौदा : अंतिम मंजुरीनंतर बदल हवा असल्यास कारणांसह लेखी अर्ज करावा. कराराच्या शेवटी अर्जाची तरतूद असली की करारास वजन येते. अनघाने चौदाही कलमे वाचली, हे विशेष. माझे करार सहसा कोणी वाचत नाही.

मजकूरही मीच लिहिला. आरंभ असा होता : “मेहेरबान पाहणारे यांचे सेवेशी. अर्जदार संतानमास्तर, राहणार मौजे गास, तालुका वसई, जिल्हा ठाणे, यांची नम्र विनंती की…”

“काका, पाहणारा काही साहेब नसतो.”

“ज्याच्या हाती देणे आहे, तो साहेबच.”

ती हसली, पण तिने तसेच ठेवले. खाली मात्र तिने मास्तरांच्या घरचा फोन नंबर घातला होता. मी काट मारली. तिने दुसऱ्या खेपेस तो पुन्हा घातला, प्रत्येक पानावर. मी प्रत्येक पानावर काट मारली, आणि दुसरा नियम तिला सविस्तर सांगितला.

“निदान ई-मेल?”

“ई-मेलला आवक क्रमांक पडतो का?”

“नाही.”

“मग काढा.”

तिसऱ्यांदा तिने फक्त विचारले, “नक्की, काका?” मी कलम नऊवर बोट ठेवले.

साइट मात्र तिने देखणी केली. तीन रविवार ती मुलीला कडेवर घेऊन गासला आली. अकराही जणांना वाडीच्या बांधावर निळ्या कोटात उभे करून फोटो काढले, मोठ्या ढोलाजवळ प्रत्येकाचे नाव लिहून घेतले. एक बटण दाबले की ट्रंपेट वाजे. इंटरनेटचे जाळे संथ, त्यामुळे सूर येण्यास पाच मिनिटे लागत, पण येई. मास्तरांनी तो कचेरीसमोरच्या सायबर कॅफेत पहिल्यांदा ऐकला, तेव्हा टोपी काढून उभे राहिले.

नाताळाआधी साइट सुरू झाली. नाताळ ते ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, हा लग्नांचा भर. मास्तर वाट पाहत राहिले. मीही वाट पाहत राहिलो, परंतु मला घाई नव्हती. लेखी उत्तरास तीस दिवस लागतातच.

जानेवारीच्या मध्यावर ते आले आणि परदेशी तिकिटाचे पाकीट माझ्या टेबलावर ठेवले.

“वाचा, भाऊ.”

कुवेतच्या एका मुलाचे पत्र होते, मूळचा वसईच्याच होळी गावचा. त्याने लिहिले होते की साइट पाहून त्याचे वडील रडले, कारण त्यांच्या लग्नात हाच बँड होता. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी त्याचे लग्न होते. “तुमच्या वेबसाइटवर फोन नंबर सापडला नाही म्हणून पत्र पाठवतो. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर मंडळी डीजे ठरवतील.” पत्रास पोहोचायला तीन आठवडे लागले होते. लग्न होऊन गेले होते.

मी ते दोनदा वाचले. मास्तर मला एक शब्द लावून बोलले असते तर बरे झाले असते.

“तुम्ही लिवलं ते चांगलंच लिवलं,” ते म्हणाले. “फक्त कोनाला हाक मारता येत नाय. आनखी किती जनांनी पायलं असंल नि सोडून दिलं असंल, कोन जाने.” मग पाकीट खिशात ठेवत म्हणाले, “भिवंडीवाल्याचा निरोप आलाय. ईस्टरला येतो म्हनतो.”

माझ्या दुसऱ्या नियमामागे एक गृहीत होते, ते मला त्या दिवशी दिसले. ज्याला उत्तर द्यायचे नाही, त्याच्याकडून ते काढून घेण्यासाठी तो नियम आहे. ज्याला मनापासून उत्तर द्यायचे आहे, त्याच्यासाठी तो नियम म्हणजे बंद दार. कचेरीच्या दारात इतकी वर्षे काढल्यावर, दुसऱ्या प्रकारचा माणूस जगात असतो हेच मी विसरलो होतो.

कलम चौदाप्रमाणे लेखी अर्ज आवश्यक होता. मी हजारो अर्ज लिहिले. स्वतःच्या नावाने एकही नाही. टाइपरायटरवर कागद चढवून एक संपूर्ण दुपार बसलो. हिराबाय आल्या, पाटी सरकवली, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “कोन मेला?” मी म्हटले, “कोणी नाही.” “मंग लिव की.”

अर्ज चार ओळींचा झाला. “अर्जदाराने आपला सल्ला तीन वेळा नाकारला. तो सल्ला योग्य होता. सबब, प्रत्येक पानावर दूरध्वनी क्रमांक घालावा, ही विनंती.” मागणी एकच होती. पहिला नियम अजून शाबूत होता.

अनघाने अर्ज वाचला, पदर तोंडाला लावून हसली, मग पुन्हा वाचला आणि हसली नाही. तेव्हाच्या तेव्हा, माझ्या डोळ्यांदेखत नंबर घातला. काम पाच मिनिटांचे.

“किती द्यायचे?” मी विचारले.

“पैसे नकोत. मला एक कागद लिहून द्या. प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, एवढे कसले? मला नीट सांगता येत नाही, आणि मग मी कमी करते. तुमच्या भाषेत लिहा, की हे पैसे कसले.”

ज्या दरावर मी नाक मुरडले, त्या दराचा अर्ज मलाच लिहायचा होता. तीन दिवस लागले. शेवटी एक पान उभे राहिले. त्यातले एक वाक्य अजून पाठ आहे : “या कामात जे दिसते ते थोडे असते, जे काढून टाकले, जे तीन वेळा पुन्हा केले आणि जे करू नका म्हणून सांगितले, तेही याच कामात मोजावे.”

ती कागद न्यायला कचेरीवर आली, मुलगी कडेवर. स्टुलावर हिराबाय होत्या. त्यांनी मुलीला मांडीवर घेतले. अनघाने उभ्यानेच वाचले. “काका, किती झाले?”

“मोबदला ठरलेलाच आहे. नंबराबद्दल कागद.”

“नंबर माझ्या मूळ कामातच होता, तुम्ही काढला होता. कागदाचे पैसे घ्या. विचारासकट.”

माझ्या मनात शंभर होते. तोंडातून सवयीने निघाले, “दोनशे.”

तिने पर्स उघडली आणि शंभराच्या दोन नोटा टाइपरायटरवर ठेवल्या.

“अगो बाय, येडी का काय तू?” हिराबाय ओरडल्या. “ह्यो पन्नास सांगतो नि तीस घेतो! घासाघीस कर की!”

मी एक नोट उचलून परत केली. “माझा दर शंभरच आहे.”

“मग दोनशे का सांगितलेत?”

मी टाइपरायटरवरची उरलेली नोट उचलून खिशात ठेवली. मग विचारले, “ताई, तुमचे ते बावीस…”

“ते बावीसच होते, काका.”

एवढे बोलून तिने मुलीला उचलले. रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मी लवकर विसरलो असतो.

नंबर घातल्यावर उपवासकाळातच मास्तरांच्या घरचा फोन वाजू लागला. ईस्टरनंतरच्या हंगामासाठी चार लग्ने ठरली. दोन कुवेतहून, एक कॅनडाहून, आणि एक थेट पाचूबंदरचे, ज्यांना साइटची गरजच नव्हती पण ती आहे म्हणून ऐट वाटली. चार म्हणजे फार नव्हेत. परंतु ईस्टरला भिवंडीचा माणूस टेम्पो घेऊन आला, तेव्हा मास्तरांनी त्याला केळी दिली आणि रिकाम्या टेम्पोने परत पाठवला.

बावीसची हकिगत मी त्यांना सांगितली. न सांगणे सोपे होते.

“भाऊ, म्हनजे आपन अकरा जनांनी तिचं अर्धं काम फुकट घेतलं.”

“मी घेतले.”

“आपन,” ते म्हणाले. “तिच्या पोरीचा वाढदिवस कधी असतो, ते तेवढं विचारून ठेवा.”

तो मे महिन्याच्या अखेरीस होता. मुलगी तीन वर्षांची झाली. संध्याकाळी पाच वाजता नालासोपाऱ्याच्या त्या सोसायटीच्या फाटकातून अकरा माणसे दोन रांगांत निळ्या कोटात आत आली. मोठ्या ढोलावर पहिली थाप पडली तशा सगळ्या बाल्कन्या भरल्या. अनघा दुसऱ्या मजल्यावर आली, तिने खाली पाहिले, आणि तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली. मास्तरांनी टोपी काढली आणि ट्रंपेट वर केला.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर जिना उतरून धावत आले.

“कोणाच्या परवानगीने? लेखी परवानगी आहे का?”

ह्या प्रश्नाची मी कित्येक वर्षे वाट पाहिली, असे म्हटले तरी चालेल. मी खिशातून घडी केलेला अर्ज काढून त्यांच्या हाती दिला. मागणी एकच : अर्धा तास वाजवू द्यावे. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, आणि तळाशी आल्यावर थबकले.

तिथे, सहीखाली, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी माझा फोन नंबर लिहिला होता.